आधी गप्प पेशंट

जो जास्त बोंबलेल त्याला आधी बघा, असं म्हणणाऱ्या माणसांचा मला आजही संताप येतो. अरे, बोंबलतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. त्याला जरा थांबवता येतं. आधी बघायचं ते गप्प पडलेल्याकडे.

नव्वदच्या दशकात मी सुरतेच्या एका दवाखान्यात कॅज्युअल्टीला नर्स होते. एका दुपारी कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यातला शेठ बोट कापून आला. सोबत चारपाच माणसं, सगळी एकदम बोलणारी. बोटाला रुमाल गुंडाळलेला, रक्त केव्हाच थांबलेलं, तरी "पहेलां अमारा शेठने जुओ", आधी आमच्या शेठला बघा, हे चालूच. डॉक्टर त्या गराड्यात अडकले.

समोर नवागामचं एक कुटुंब नंबरची वाट बघत होतं. आमच्याच धुळ्याकडचे, कापडाच्या लूमवर राबणारे. सासरा-सासू बाकावर आणि सून खाली फरशीवर, कारण सासऱ्याच्या बरोबरीनं बसायचं नाही. पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. काय होतंय, असं मी तिला विचारलं आणि उत्तर दिलं सासूनं. पोटात वायू धरलाय म्हणे, नंबर आला की दाखवू, घाई नाही. सून भिंतीला टेकून बसली होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, किती मर्यादशील बाई.

मी खाली बसून तिचा हात धरला. गार आणि ओला. नाडी जोरात धावत होती, पण इतकी बारीक की बोटाखालून निसटत होती. मी तिचा पदर वर केला तसा सासरा चिडला. "माझ्यासमोर तिचं तोंड उघडं करू नका," म्हणाला. तिचे ओठ पांढरेफटक होते, पापणीच्या आतली लाली गेलेली. पाळी कधी आली होती विचारलं, तर ती सासऱ्याच्या पायांकडे बघत गप्प राहिली. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, तुम्ही बाहेर व्हा," मी म्हणाले. "तुमच्या लाजेपायी ही इथं मरेल."

तो गेला तेव्हा कुठे ती बोलली. पाळी चुकली होती, आणि सकाळी भाकरी थापताना पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. मी डॉक्टरांना हाताला धरून गराड्यातून ओढून आणलं. त्यांनी पोटाला हात लावला आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता आणि नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं. शेठची माणसं तक्रार करू म्हणाली. खुशाल करा म्हटलं.

ती वाचली. दोन दिवसांनी वॉर्डात सासू शेजारच्या खाटांवरच्या बायकांना सांगत होती, "आमनी वहू भलती सोशिक शे. इतलं दुखनं, पन तोंडमातून शबद निंघना नही."

मी सलाईन बदलत होते. बाटली हातात तशीच धरून मी सासूला सुनावलं की ही सोशिकपणा दाखवत नव्हती, मरत होती, आणि पुन्हा काही दुखलं तर हिला घर डोक्यावर घेऊ द्या. सासूचं तोंड उतरलं. हिला तरी बरं वाटलं असेल म्हणून मी सुनेकडे पाहिलं. माझं बोलणं तिच्या कानावर गेलंच नव्हतं. सासूनं चारचौघींत कौतुक केलं म्हणून ती लाजून हसत होती.