नरसिंहअण्णांची अक्षरं

सोमवार, २६ एप्रिल १९९९. नळ उशिरा आला. कामवाली आली नाही. दहाच्या सुमारास समोरचा गिरीधर दारात येऊन म्हणाला, "अक्का, कंप्यूटर सुरूच होत नाही."

राजाजीनगरात आमच्या समोर राहणारा हा गिरीधर घराच्या पुढच्या खोलीत बसून लग्नपत्रिका तयार करून छापखान्यांना देई. त्याचे वडील नरसिंहअण्णा दुकानांच्या पाट्या रंगवत. प्लास्टिकच्या पाट्या आल्या, तशा अण्णांच्या एकेक करून उतरल्या. मग अर्धांगानं त्यांचा उजवा हात गेला. तेव्हा गिरीधरनं त्यांच्या वळणाची अक्षरं कंप्यूटरवर काढायला घेतली. अण्णा शेजारी स्टुलावर बसून चुका दाखवत. "क उपाशी दिसतोय रे. पोट भर स्वल्प." पाच वर्षं हे चाललं. सगळी अक्षरं मनासारखी झाली आणि या जानेवारीत अण्णा गेले.

अक्षरांची दुसरी प्रत फ्लॉप्यांवर होती. पण मार्चमध्ये आमचे पुरोहित भीमाचार्य कुंडल्या जुळवण्याचा एक प्रोग्रॅम कुठूनसा घेऊन आले. मुलींचे बाप गिरीधरच्या दारात येऊ लागले; ज्याच्या घरी कंप्यूटर, त्याला प्रत हवी. गिरीधरनं अक्षरांच्याच फ्लॉप्या पुसून त्यांवर प्रोग्रॅम भरून वाटल्या. त्यांना नव्या आणायला सांग, असं मी म्हटलं, तर हसला. "मुलीच्या बापाला परत कसं पाठवू, अक्का? अक्षरं कंप्यूटरमध्ये आहेतच की."

दुपारी दुरुस्तीवाला अरविंद आला. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या प्रोग्रॅममध्ये व्हायरस होता. फाइलमधल्या रिकाम्या जागांत तो बसतो, त्यामुळे ती फुगत नाही आणि संशय येत नाही. ती एकदा चालवली की तो मेमरीत ठाण मांडतो आणि पुढे जो जो प्रोग्रॅम उघडावा त्याला चिकटतो. कुंडल्या मात्र नेहमीसारख्या जुळत राहतात. मग त्याची तारीख येते. ती आज होती. डिस्कच्या सुरुवातीपासून तो कचरा लिहीत जातो, आणि ज्या चिपवर कंप्यूटर सुरू होतो तीही बिघडवतो. अरविंदनं डिस्क आपल्या मशीनला जोडून बराच वेळ खटपट केली.

"चिप बदलली की कंप्यूटर चालेल," तो म्हणाला.

"आणि आतलं?" गिरीधरनं विचारलं.

"ते गेलं."

अरविंद गेल्यावर मी गिरीधरला म्हटलं, पुन्हा काढ, हात तर तुझाच आहे.

"काढीन, अक्का. चूक कोण दाखवणार?"

तो उठला आणि ज्यांनी ज्यांनी फ्लॉप्या नेल्या होत्या, त्यांना माझ्या फोनवरून एकेक करून सांगू लागला, की आज कंप्यूटर लावू नका. एकानं सकाळीच लावला होता. त्याचा आवाज मला खुर्चीत ऐकू आला. "रोग वाटताना फोन नाही केलास तो?" गिरीधर फक्त "सरी, मामा", बरोबर आहे, एवढंच म्हणाला आणि त्यानं पुढचा नंबर फिरवला.

संध्याकाळी त्याला जेवून जा म्हटलं. तो पानावर बसला आणि तसाच उठला. नंतर डायरीत लिहिलं: सारू-भात केला. भात दोघांचा टाकला होता, बराच उरला.