मी घातलेली आण

देवावर माझी श्रद्धा लहानपणापासून आहे, पण त्या दिवसांत तिच्यात भक्ती कमी आणि अरेरावी जास्त होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. मैलारी, म्हणजे आमचा खंडोबा, हा घराण्याचा देव. आमचे आजे-पणजे मेंढरांमागं फिरत या भागात आले. पुढं मेंढरं गेली, शेतीही भावांत वाटली गेली आणि मी गुलबर्ग्याजवळच्या आळंदच्या बाजारपेठेत खत-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान टाकलं. देवाला गल्ल्याच्या वर फोटोत बसवलं आणि गरज पडेल तसं कामाला लावलं. पाऊस पाड, गिऱ्हाईक धाड, समोरच्या दुकानदाराला जरा अक्कल दे. माझी प्रार्थना ही अशी असायची.

आमची लेक दोन महिन्यांची झाली आणि बायकोला, भागूला, थंडी वाजून ताप भरला. एका बाजूची छाती लाल झाली, दगडासारखी घट्ट झाली, पदर लागला तरी ती कळवळायची. दूध साकळलं होतं. आळंदच्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या आणि पाजण्याबद्दल काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, कारण त्या वेळी मी दाराबाहेर फोनवर एका शेतकऱ्याला अळीचं औषध समजावून सांगत होतो. घरी येताना भागू म्हणाली, "डॉक्टर पाज म्हनले वाटतं." मी म्हणालो, "तापात तुला काय ऐकू आलं असंल."

घरी आल्यावर मी गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडला. मुंगीएवढी अक्षरं आणि धोक्यांची ही लांबलचक यादी. माझा धंदा असा, की फवारणी झाली की अमुक दिवस शेंगेला हात लावायचा नाही, औषध उतरू द्यायचं, हे मी सकाळ-संध्याकाळ लोकांना बजावत असतो. तोच हिशोब मी घरात आणला. भागू म्हणजे तुरीचं झाड, गोळ्या म्हणजे फवारणी आणि दूध म्हणजे शेंग. मी जाहीर केलं, की गोळ्या संपेपर्यंत आणि वर आणखी चार दिवस पाजायचं नाही.

"मी काय तूर हाय व्हय?" भागू म्हणाली. "दूध तटलंय नुसतं. लेकरानं ओढलं की मोकळं व्हईल."

तिचं खरं होतं. पण मला वाद घालायचा नव्हता, मला जिंकायचं होतं. शिवाय मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस फार ठाम बोलतो. मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तुला मैलारीची आण हाय, हे दूध हिच्या तोंडात जाऊ द्यायचं न्हाई."

आमच्याकडे आण घातली की कुणी मोडत नाही. मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवून घातली त्याला ती बाधते, असं मानतात. सुटायची ती एकाच रीतीनं. ज्यानं घातली त्यानं देवाचा भंडारा हातात घेऊन ती माघारी घ्यायची. भागूनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लेकीला खाली ठेवलं. ती नजर मला अजून आठवते. तिच्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढचे दोन दिवस घराला कळा उरली नाही. डब्यातल्या पावडरचं दूध लेक ओठांनीच ढकलून द्यायची, थोडं पोटात जायचं, बाकीचं माझ्या हातावर सांडायचं. ती रडून रडून थकायची, तिचं रडणं ऐकून भागूला पान्हा फुटायचा, आणि त्या दुखऱ्या बाजूला दूध आणखी तटायचं. मी गल्ल्यावरच्या फोटोपुढं उदबत्त्या लावत होतो. मीच कुलूप घालायचं, किल्ली खिशात ठेवायची आणि दार उघड म्हणून देवाला विनवायचं, असा तो प्रकार होता.

रविवारी भागूचा ताप इतका वाढला, की मी तिला लेकीसकट बसनं गुलबर्ग्याला नेलं. तिथं रविवारी सकाळी बसणारी एक डॉक्टरीण मिळाली. तिनं तपासलं, गोळ्या पाहिल्या आणि विचारलं, "पाजणं बंद कुणी केलं?" भागूनं माझं नाव घेतलं नाही. तिच्या भल्या स्वभावाचा मी आयुष्यभर असाच फायदा घेत आलो आहे. मग मीच तुरीचा सिद्धांत मांडला. डॉक्टरीण बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, हे त्यांचे उपकार.

"अहो, या गोळ्या पाजणाऱ्या आईला चालतात, म्हणूनच तर दिल्या आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्याच औषधांचं असं नसतं. म्हणून दर वेळी डॉक्टरला सांगायचं, मी अंगावर पाजते, आणि विचारायचं. कागद वाचून घरी ठरवायचं नाही. या दुखण्यात दूध निघत राहायला हवं, दुखऱ्या बाजूनंसुद्धा. बाळाला त्यानं काही होत नाही. असंच तटून राहिलं तर आत पू धरेल, मग चिरा द्यावा लागेल. गोळ्या चालू ठेवा आणि आत्ता, इथंच पाजा."

भागूनं मान हलवली. "न्हाई बाई. आण हाय. लेकरावर हाय."

डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "याला माझ्याकडं गोळी नाही," एवढंच म्हणाल्या.

तिथंच मी भागूला म्हणालो, घेतो माघारी, पाज. ती म्हणाली, "भंडारा कुठाय? तुमच्या तोंडानं सुटत न्हाई ती." आमच्या मैलारीचं ठाणं आळंदच्या वाटेवर, कडगंची गावाहून आत एका माळावर आहे. आम्ही आळंदची बस धरली आणि कडगंचीच्या फाट्यावर उतरलो. आत जाणारं एकही वाहन नव्हतं. ऊन चढलेलं, एक लिंबाचं झाड, त्याखाली भागू बसलेली आणि लेक रडून निळी-जांभळी होत चाललेली. भागूचे डोळे तापानं लाल झाले होते. त्या वेळी मी देवाला काहीच सांगितलं नाही. कामं सांगणारा माणूस कुठं गेला, मलाच कळलं नाही. मी नुसता रस्त्याकडं बघत उभा होतो.

आतल्या वाटेनं एक म्हातारी चालत आली. खांद्यावर काळी घोंगडी, कपाळभर भंडारा. रविवार देवाचा वार, दर्शन करून परतत असावी. ती सरळ भागूपाशी थांबली.

"लेकरू कामून रडायलंय गं माय?"

"भुकंलंय."

"मग पाज की."

"आण घातल्याली हाय."

"कुनी?"

भागूनं नुसती मान माझ्याकडं वळवली. बोलायची गरजही नव्हती, माझं तोंड बघितलं तरी कळत होतं.

"कुनाची रं तम्मा?" तिनं मला धाकटा भाऊ म्हणत विचारलं.

"मैलारीची."

"त्येला इचारून घातलास का?"

"न्हाई."

"मग त्येला ठाव तरी हाय का, त्येच्या नावावर तू लेकरू उपाशी ठेवलायस त्ये?"

मी म्हणालो, सोडवायलाच चाललोय, ठाण्यावर. ती हसली. "मी तितूनच यायलेय. देव गाभाऱ्यात हाय, पर कोंडून घातल्याला न्हाई." तिनं पदराची गाठ सोडली आणि चिमूटभर भंडारा माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो त्येच्या पायावरचा हाय. घे माघारी. लेकराच्या पाया पड, अन् हिच्या बी."

तेवढ्यात माझं एक गिऱ्हाईक सायकलवरून आलं आणि पाय टेकून थांबलं. "शेट, इथं काय करायलाव?" मी लेकीच्या इवल्या पावलांना भंडारा लावत होतो. मग भागूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पुटपुटलो.

"नीट म्हना," भागू वरून म्हणाली. "अर्धं गिळू नगा."

मी मोठ्यानं म्हणालो, "मैलारी, तुझं नाव घेऊन मी आण घातली, ती माझी चूक, मी माघारी घेतो." सायकलवाल्यानं आदरानं टोपी काढली. कशासाठी, ते त्याला ठाऊक.

म्हातारीनं घोंगडी उलगडून भागूभोवती आडोसा धरला. मी पाठ करून उभा राहिलो. लेकीचं रडणं एकदम तुटलं. दुखऱ्या बाजूची कळ सोसताना भागूचा एक कण्हता आवाज आला, आणि मग घोट घेतल्याचा, पुन्हा घोट घेतल्याचा. "वडायलंय बघ, कसं वडायलंय," म्हातारी म्हणत होती. मी रस्त्याकडं तोंड करून रडत होतो.

पाजून झाल्यावर म्हातारीनं घोंगडी झटकली, लेकीच्या कपाळाला बोट लावलं आणि आलेल्या पहिल्या जीपमध्ये बसून गेली. नाव विचारायचं राहिलं. पुढं ठाण्यावर पुजाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, रविवारी अशा किती म्हाताऱ्या येतात. ती कोण होती यावर मी फार विचार करत नाही. ती आली, एवढं मला पुरतं. ठाण्याकडं जाणारी टमटम नंतर आली, पण भागू म्हणाली, "आता कशाला? लेकरू निजलंय, घरी चला." आम्ही घरी आलो.

भागूनं गोळ्या पूर्ण घेतल्या आणि पाजतही राहिली. गाठ हळूहळू विरली, चिऱ्याची वेळ आली नाही. लेकीनं पुन्हा बाळसं धरलं. आता साधं डोकं दुखलं तरी भागू डॉक्टरसमोर बसल्या बसल्या सांगते, "मी अंगावर पाजते." मी त्या वेळी फोन बंद ठेवतो.

भागू हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही ठाण्यावर गेलो. मी हात जोडले, डोळे मिटले आणि मागायला काही सुचेना. बाहेर आल्यावर भागूनं विचारलं, "काय मागितलंव?"

"काही न्हाई."

"बरं केलंव. तुमचं देवाशी बोलनं आमाला लई महागात पडतं."

मग लेक कुरकुरली, आणि भागू तिथंच पायरीवर बसून तिला पाजू लागली. मी शेजारी उभा होतो. मला काहीच करायचं नव्हतं. मी केलं नाही म्हणून काही अडतही नव्हतं. लेकीला भूक देवानं दिलेली, आईला दूध त्यानं दिलेलं, आजारावरचं औषध जाणणारी माणसं त्यानंच दिलेली. माझ्या आणेवर यातलं काही चालत नव्हतं. देवा, हे असंच चालू दे, असं ओठांवर आलं होतं. तेवढंही मी म्हणालो नाही. त्याच्यावर सोडलं.