कुंभाराच्या लेकीचा डबा

त्या दिवशी सकाळी मी आणि बायको सिंगापुरात, मुलाच्या तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये गवार मोडत बसलो होतो. मी शिरा नीट काढत नाही म्हणून ती कुरकुरत होती. मोडलेली गवार तिनं नव्या स्टीलच्या डब्यात भरली आणि डबा माझ्यापुढं सरकवला.

"आता तरी ह्याच्यावर सुनेचं नाव घाला."

मी चौथी शिकलेला. जन्मभर भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून छिन्नीनं भांड्यांवर नावं घातली. लोकांच्या सुनांची किती घातली, घरच्या सुनेचं नाही. ही युक्रेनची. लग्नाला तीन वर्षं झाली तरी माहेरचंच आडनाव लावते. मी सांगून ठेवलं होतं, आमचं लावेल त्या दिवशी घालीन.

बायकोनं मात्र त्या आडनावाचा पिच्छाच पुरवला. अर्थ विचारायला सुनेला तिच्या आजीला फोन लावायला लावला होता.

"ऐका, आपण गावापुढं 'कर' लावतो, तसं त्यांच्यात पुष्कळांचं धंद्यावरून पडतं," ती म्हणाली. "होंचारेन्को म्हणजे कुंभाराचा पोरगा. त्यांनी भांडी घडवायची, तुम्ही नावं घालायची. आणखी कसली सोयरीक हवी होती?"

"मडक्यावर छिन्नी चालत नाही."

"तुमच्या टाळक्यावर चालते का, बघते एकदा."

हसत उठली. दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कागदपत्रांसाठी बाहेर गेला. तिला दुपारी न्यायचं होतं. घरात मी आणि सून. आमचं दोघांचं जे काय बोलणं व्हायचं ते बायकोच्या तोंडून. मधलं माणूसच गेलं. आता कोण कुणाशी बोलणार?

सुनेनं चहा ठेवला. "बाबा, घ्या." असलं थोडंफार मराठी तिला बायकोनंच शिकवलेलं. रडून डोळे सुजले होते पोरीचे.

मी फ्रिजमधून डबा काढला. गवार ताटलीत ओतली, डबा पुसला, ट्रंकेतली छिन्नी-हातोडी घेऊन खाली बसलो.

"तुझं आडनाव सांग. हळू सांग."

तिनं सांगितलं. टिंबाला टिंब लावत मी ते पुरं घातलं. त्याच्याखाली घातलं, 'सासूकडून'.

मग गार झालेला चहा प्यायलो.