पापड कुठल्या घरचे

बायकांच्या एका मासिकात मी चार ओळींची जाहिरात दिली, तेव्हा माझ्या घरात विकायला एकही पापड नव्हता. 'पेणचे घरगुती पोह्याचे पापड, पोस्टाने घरपोच' एवढंच लिहिलं होतं आणि खाली आमचा रोह्याजवळच्या वरसेचा पत्ता. साल एकोणीसशे ब्याण्णव-त्र्याण्णव असेल. हे रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे, मुलगी शाळेत जायला लागली होती आणि मला स्वतःचं काहीतरी करायचं होतं.

व्यवस्था सोपी होती. लोकांची पत्रं माझ्याकडे यायची. मी ती नीट उतरवून पेणच्या एका व्यापाऱ्याला कळवायची आणि तो आपल्या दुकानातूनच व्ही. पी. पार्सल करायचा. पार्सल सोडवताना भरलेले पैसे पोस्टातून त्याच्याकडे जायचे, माझं कमिशन तो महिन्याला द्यायचा. माल मी आणायचा नाही, ठेवायचा नाही, बांधायचाही नाही. पत्रांना उत्तरं मात्र मी मन लावून लिहायची. 'पापड अगदी घरचे आहेत, निर्धास्त मागवा,' असं कितीतरी जणींना लिहिलं असेल.

पहिला उन्हाळा छान गेला. श्रावणात पोस्टमनने एक पार्सल माझ्या हातात ठेवलं. नागपूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने ते मला परत पाठवलं होतं. आत पापडांचा चुरा, आणि जे अख्खे होते ते जाड, पिवळट, खवट वासाचे. सोबत चिठ्ठी होती. 'बाई, पापड घरचे आहेत असं आपण लिहिलं होतं. हे कुठल्या घरचे?'

मी एक पापड गॅसवर भाजून बघितला. तो फुललाच नाही, कडेने करपला. ह्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि लगेच पाणी प्यायलं. मला इतकी लाज वाटली की ती चिठ्ठी मी दोन दिवस कुणाला दाखवली नाही.

तिसऱ्या दिवशी गाडीने पेणला गेले. व्यापारी भला माणूस होता. त्याने मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मी पापड पुढे ठेवले.

"हे पेणचे नाहीत," मी म्हटलं.

"नाहीत," तो सरळ म्हणाला. "ताई, घरचे पापड मे महिन्यापर्यंत लाटतात. जूनमध्ये ते संपले. तुमच्या ऑर्डरी चालूच आहेत. मग मी बाहेरून माल आणला."

"मला कळवायचंत तरी."

"तुम्ही पत्रं पाठवायची, माल मी पाठवायचा, असंच ठरलं होतं ना? माल बघायची तुम्हाला गरज काय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ठरलं तसंच होतं. पण लोकांनी पापड त्याच्यावर विश्वास ठेवून मागवले नव्हते, माझ्या पत्रावर मागवले होते. आणि ज्याची मी ग्वाही देत होते त्याला मी कधी हातही लावला नव्हता. चहा तसाच ठेवून मी उठले.

परतीच्या गाडीत समोर एक साठीच्या पुढची बाई बसली होती. पेणच्या बाजारात भाजी विकून वाटेतल्या कासूला, आपल्या गावी निघाली होती. रिकाम्या टोपलीत एक पुरचुंडी होती, तिच्यात पापड. उन्हाळ्यातले राहिलेले, लेकीला द्यायला नेले होते, लेक घरी भेटली नाही म्हणाली. मी एक मागून घेतला आणि उजेडाकडे धरला. पलीकडची खिडकी दिसेल इतका पातळ.

"मावशी, हे तुम्ही लाटलेत?"

"मग काय यंत्रानं? आमच्या आळीत समद्याच लाटतात. विकत पायजे व्हय?"

"पायजे. पण एवढेसे नाही. वर्षभर पुरतील इतके."

तिने पुरचुंडी परत बांधली. "आता नाय गो मिलायचे. उन्हाला लागला का ये."

मी तिच्याबरोबर कासूला उतरले आणि तिचं घर बघून ठेवलं. घरी आल्यावर दोन पत्रं लिहिली. एक व्यापाऱ्याला, की आता ऑर्डरी पाठवणार नाही. दुसरं नागपूरला, माफीचं. पुढे जी पत्रं आली त्यांना मी खरं तेच कळवलं, की पापड उन्हाळ्यात होतील, तोवर थांबावं लागेल. काहीजणी थांबल्या, बऱ्याच जणी थांबल्या नाहीत.

फेब्रुवारी संपत आला तशी मी कासूला जायला लागले. मावशीच्या पडवीत पाच जणी बसायच्या. दोघींचे नवरे मिठागरावर होते, बाकीच्या शेतातल्या. पोह्याचं पीठ, पापडखार, तिखट, हिंग, आणि मग ते कुटणं. पहिल्या दिवशी मी वही घेऊन बाजूला बसले होते.

"नुसती बघत नको बसू," मावशी म्हणाली. "लाट."

लाटले. माझे पहिले पापड बघून सगळ्या हसल्या. संध्याकाळी तिखटाने बोटांची आग होत होती. पण आठ दिवसांत माझा पापडही उजेडाला धरण्यासारखा झाला, आणि चांगला कुठला, वाईट कुठला ते मला हाताला कळायला लागलं. त्यांनी लाटलेले सगळे पापड मी घ्यायचे, आणि रोजच्या चवडीतला एक भाजून बघायचा, असं आमचं ठरलं.

मेअखेर वरसेच्या दोन खोल्यांत पत्र्याचे डबे रचले गेले. कॉटखाली, माळ्यावर, कपाटावर.

"अगं, आपण झोपायचं कुठे?" ह्यांनी विचारलं.

"डब्यांच्या मधे," मी म्हटलं. खरं तर मीही घाबरले होते. आता बिघडलं तर दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

पावसाळ्यात एका डब्याचं झाकण सैल राहिलं आणि आतले पापड सादळले. तो डबा मी पाठवला नाही. काही शेजारणींना वाटून टाकले, काही आम्ही खाल्ले. उरलेल्या सगळ्या झाकणांच्या कडा मेण लावून बंद केल्या. पार्सलं मांजरपाटाच्या कापडात शिवायची असत. पहिल्या शिफ्टहून आले की हे दाभण घेऊन बसायचे आणि माझ्यापेक्षा सरळ टाका घालायचे. पहिला डबा मी नागपूरला पाठवला, पैसे न मागता. बाईंचं उत्तर एका ओळीचं आलं. आणखी दोन डबे हवे होते त्यांना. शेजारच्या भाभींचे यजमान मस्कतला असायचे. सुट्टी संपवून परत जाताना त्यांनीही चार डबे नेले.

दर डब्यावर मी हाताने लिहून चिठ्ठी चिकटवायची: 'लाटले कासूला, बांधले वरसेला.' तेवढं लिहिताना दर वेळी मान थोडी ताठ व्हायची, हे कबूल करते.

पुढच्या उन्हाळ्यात कासूला जाताना वर्षभराची पत्रं पिशवीत घालून नेली. लाटता लाटता मी ती वाचून दाखवली. इंदूरहून, कोल्हापूरहून, कुणाच्या डोहाळजेवणाला मागवलेले, कुणी आजारी सासऱ्यांच्या तोंडाला चव आली म्हणून लिहिलेलं. मावशीचं लाटणं थांबलं.

"ते सासऱ्याचं परत वाच."

परत वाचलं.

"त्या बाईला कागद धाडशील ना?"

"धाडणार आहे."

"मग त्यात लिव, तो पापड मी लाटलाय. आन लिव, सासऱ्याला पुरं झालं नाय तर आजून हाय म्हनावं."

तिथेच, पिठाच्या हातांनी, मी ते लिहून घेतलं.