बळ आणि बीज

धनराजचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सिंदेवाहीच्या राईस मिलमध्ये तो क्विंटलभराचं पोतं एका दमात पाठीवर घ्यायचा. लग्नाला अकरा वर्षं होऊनही मूल नव्हतं. आई शकुबाई सुनेला, रंजीताला म्हणायची, "माह्या पोराच्या अंगात बैलाचं बळ हाये. खोट तुह्यातच." धनराजलाही ते पटायचं. रंजीता मुकाट्यानं जडीबुटीचे कडू काढे प्यायची.

पुढे धनराजचं पोट दुखतं म्हणून चंद्रपूरला सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "यांच्या दोन्ही अंडगोळ्या जन्मापासून पोटातच राहिल्या. तिथल्या उष्णतेनं बीज बनत नाही. हार्मोन मात्र बनत राहिलं, म्हणून मिशी आली, ताकद राहिली. लहानपणीच ऑपरेशन करायला हवं होतं."

शकुबाई पुटपुटली, "सुईन म्हने, उतरतीन आपोआप."

"म्हणजे तुमाले मालूम होतं?" रंजीता म्हणाली. "अन् काढे मले पाजले?"



कॅन्सरच्या भीतीनं दोन्ही गोळ्या काढाव्या लागल्या. आता ते हार्मोन त्याला बाहेरून घ्यावं लागतं, जन्मभर. होईल त्या लेकराच्या बारशासाठी साठवलेली हमाली त्या इंजेक्शनांवर गेली.