लुगडं माझं, तोंड त्याचं

चौथीनंतर शाळा सोडली आणि बापाबरोबर मिठागरात उतरलो. माझं लिहिणं कुणाला ओबडधोबड वाटलं तर वाटू दे. रंगाच्या बाबतीत मात्र मला कुणी शिकवायला येऊ नये.

भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात आम्ही जुन्या, नावाजलेल्या तैलचित्रांच्या नकला हातानं रंगवतो. फ्लॅटवाले मागवतात, हॉटेलवाले मागवतात. सेठनं पहिल्यापासून कामं वाटून दिलीत. मागची झाडं, आभाळ, खांब कुणीही करावेत. कपडा आणि दागिने माझ्याकडे. आणि तोंड उत्तनच्या माणसाकडे.

तो माझ्याच वयाचा, कोळ्याच्या घरातला. आधी होड्या रंगवायचा. माझ्याइतकाच शिकलेला, म्हणजे न शिकलेला. पण गिऱ्हाईक आलं की पहिलं तोंडाकडे बघतं. मी आठ-आठ दिवस बसून जरीचा काठ असा काढावा की बोट लावलं तर टोचेल, आणि लोक म्हणणार, डोळे बघा कसे बोलतायत. काठाला तोंड नाही ना, तो काय बोलणार.

परकी माणसं सोडा, माझी बायकोसुद्धा तसलीच. एकदा तिला मुद्दाम गाळ्यात नेलं, एका राणीचा शालू दाखवायला. बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं, आता शालूचं काढेल. तर म्हणते कशी, बाई बिचारी दमलेली दिसते. त्या रात्री मी जेवलो, पण तिच्याशी बोललो नाही.

तोंड मला द्या, असं सेठला कितीदा तरी सांगितलं. त्याचं उत्तर ठरलेलं, "काका, जो चल रहा है, चलने दो ना."

मग यंदा उत्तनवाल्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन ठरलं. खोटं कशाला बोलू, ऐकून वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं. नेमकी तेव्हाच पूनम सागर सोसायटीतल्या एका बाईंची मोठी ऑर्डर होती. हातात फळ धरून उभी असलेली नऊवारीतली बाई. ते जुनं चित्र आपल्याकडे कॅलेंडरवर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बाईंच्या नव्या घराची पूजा तोंडावर आलेली, थांबायला सवड नाही. सेठ मला म्हणाला, तोंडही तुम्हीच करा.

छापील चित्रावर चौकटी आखून मी बाहेरची रेघ कॅनव्हासवर उतरवून घेतली. तिथून पुढे त्या कागदाकडे बघावंच लागलं नाही. भुवई कुठे उचलायची, ओठाच्या कोपऱ्यात सावली किती ठेवायची, हात आपसूक चालत होता. मनात म्हटलं, बघा, एवढी वर्षं हे माझ्या हातात होतं आणि ह्यांनी मला काठ काढायला बसवलं.

चित्र वाळत होतं तेव्हा उत्तनवाला आला, डोळ्यांवर काळा चष्मा, चहा प्यायला म्हणून. कॅनव्हासच्या अगदी जवळ गेला. चष्मा वर केला.

"ही मी कवा काढली रं? मना आठवत न्हाय."

टोमणा असता तर मी परतवला असता. पण तो खरंच आठवून बघत होता.

"डोळ्यांत थेंब घाल आधी," मी म्हटलं, "ही माझी आहे."

तो गेल्यावर छापील कागद चित्राशेजारी धरला. कागदातली बाई भरल्या गालांची, हातातलं फळ तोऱ्यात मिरवणारी. माझी बाई दमलेली. त्याच्या सगळ्या बाया तशाच दमलेल्या असतात, होडीची वाट बघत बसल्यासारख्या. इतकी वर्षं शेजारी बसून त्याचा हात चोरून बघितला, त्यात काय खोट निघते ते शोधायला. खोट सापडली नाही, त्याचा हात तेवढा माझ्या हातात उतरला.

पूजेच्या आदल्या दिवशी बाई चित्र न्यायला आल्या. त्यांच्या बहिणीकडे आमच्याच गाळ्यातलं एक चित्र आहे, ते बघूनच त्यांनी ऑर्डर दिलेली. ह्या चित्रावर एकदम खूश झाल्या. "ताईकडचं ज्यांनी काढलं त्यांचाच हात ना हा? मी लगेच ओळखला."

सेठ म्हणाला, "हां मॅडम, वही." धंदा आहे त्याचा.

माझ्यानं राहवेना. म्हटलं, "हे मी काढलंय."

"हो का काका? मग ताईकडचं पण तुमचंच म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि नमस्कार केला. हो म्हणायचं, तर उत्तनवाल्याचं काम माझ्या नावावर. नाही म्हणायचं, तर हे माझं कोण मानणार. मी एवढंच म्हटलं, "लुगड्याचा काठ बघा." त्यांनी बघितला. छान आहे म्हणाल्या.

आता उत्तनवाला परत कामावर आलाय, तोंडं पुन्हा त्याच्याकडे गेलीत. मी माझं स्टूल फिरवून घेतलंय, भिंतीकडे तोंड करून बसतो, त्याचा हात दिसणार नाही असा. परवा त्यानं विचारलं, पंख्याचा वारा लागतो का?

मी म्हटलं, लागतो.