साडभाऊंची थोरली

आमच्या साडभाऊंइतका बटणाला घाबरणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. दारावरची बेल ते दाबत नाहीत. बाहेर उभे राहून "घरात कोनी हाये काय?" अशी हाक मारतात, मग ते घर स्वतःचं का असेना. मे महिन्यात उमरखेडच्या त्या भट्टीत पंख्याखाली घामाघूम बसून राहतील, पण पंख्याचं बटण दाबणार नाहीत. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, ती पदराला हात पुसत येणार आणि म्हणणार, "अजी, बटन हाये ते, इच्चू नाही!" नागपूरच्या दवाखान्यात लिफ्टमध्ये एकटे जायची वेळ आली, तर हा पंचाहत्तरी उलटलेला माणूस चार मजले पायऱ्यांनी चढला आणि वर पोचल्यावर तपासणीआधीच त्याला पलंगावर झोपवावं लागलं. लोक हसतात. मीही हसत आलो. हसणाऱ्यांत माझाच आवाज मोठा असे, कारण ही भीती त्यांच्यात कशी शिरली, हे एकट्या मला ठाऊक होतं. ते आता सांगून टाकतो.

साडभाऊ मूळचे असे नव्हते. फुलसावंगीकडच्या शाळांमधून त्यांची मास्तरकी झाली. मुलांना पाढे कमी आणि प्रश्न जास्त विचारत. प्रश्न एकच: "तुह्या बापाच्या वावराचं नाव काय?" आमच्याकडे शेताला वावर म्हणतात आणि प्रत्येक वावराला नाव असतं. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर, पण माणसांच्या तोंडी सतरंजी, बुढीचं टोक, कोरडं तळं. नवरदेव नावाचं एक वावर आहे, तिथे कुण्या काळी वरातीची बैलगाडी उलटली होती. अबोला नावाचं एक आहे, त्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं ते कायमचं. साडभाऊंनी ही नावं आणि त्यांच्या मागच्या हकिगती जमवायला घेतल्या. लग्नाला गेले तर जेवण सोडून वाढप्याला वावराचं नाव विचारत. एकदा मयतीला गेले, तिथेही विचारलं. अक्कांनी तिथेच चिमटा काढला, तर म्हणाले, "आज नाही इचारलं तं हे नाव बी त्याच्यासंगं जाते नं."

वह्यांचा ढीग झाला, तसा त्यांनी संगणक घेतला आणि निवृत्तीनंतर सहा वर्षं एका बोटाने सगळं टाइप केलं. मी तालुक्याच्या कचेरीत बाबू होतो, सरकारी संगणक परीक्षा पास. ऐटीत म्हणालो, "आता मशीनमध्ये आहे ना? मग वह्या कशाला? वाळवी होईल." त्यांनी माझ्या शब्दावर वह्या रद्दीत दिल्या. हा माझा पहिला गुन्हा, पण तो निदान अजाणता होता.

पुढे तो संगणक म्हातारा झाला, म्हणून नवा आणला. अडचण अशी की त्यांची मराठी ज्या जुन्या टायपिंग प्रोग्राममध्ये होती, तो फक्त जुन्या सिस्टीमवर चाले आणि त्यातली अक्षरं दुसऱ्या कुणाला वाचता येत नसत. संगणकवाल्याने नव्या मशीनमध्ये दोन्ही सिस्टीम घालून दिल्या. सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत: जुनी की नवी? निवडायला तीस सेकंद. नाही निवडलं तर नवी आपोआप उघडे. साडभाऊंनी त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं दिली आणि त्या दिवसापासून घरात शांतता राहिली नाही. थोरलीला नवा प्रिंटर दिसेना. धाकटीला मास्तरांची मराठी वाचता येईना. सर्वांत कहर घड्याळाचा. थोरली कायम साडेपाच तास मागे. तिचं घड्याळ नीट करावं, तर धाकटी साडेपाच तास पुढे पळे. साडभाऊंना या भांडणात न्याय करायचा होता, म्हणून त्यांनी एक दिवस हिची वेळ, एक दिवस तिची वेळ पाळायचं ठरवलं. डॉक्टरांनी विचारलं, "बीपीची गोळी केव्हा घेता?" तर म्हणाले, "सकाळी आठले. आज थोरलीच्या आठले." म्हणजे दुपारी दीड. अक्का म्हणाल्या, "एका बायकोची येळ सांभाळता आली नाही जन्मभर, चालले दोघींची सांभाळाले!"

त्या सुमारास मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याकडे पंधरा दिवस राहिलो. मास्तरांनी स्वतः माझ्या डोळ्यांत थेंब घातले, तेही धाकटीच्या वेळेने, माझी आबाळ नको म्हणून. माझ्या नातीच्या लग्नाचे फोटो मला त्यांच्या संगणकात ठेवायचे होते. एका सकाळी ते बाजारात गेलेले. मी धाकटी उघडली. जागा नाही, म्हणाली. शोधलं तर डिस्कचा एक मोठा वेगळा भाग दिसला, त्यात शेकडो फायली. एक उघडली. आत सगळे उलटेसुलटे इंग्रजी अक्षरांचे तुकडे, टिंबं, टोप्या. मी परीक्षा पास झालेला माणूस. व्हायरस मी ओळखणारच. भाग पुसायला घेतला. संगणकाने विचारलं, नक्की का? माझी खात्री होती. दहा मिनिटांत लग्नाचे सगळे फोटो ऐसपैस बसले.

साडभाऊ आले, संगणक सुरू केला, थोरली निवडली. पडदा काळा. एक ओळ आली, तीही इंग्रजीत. पुन्हा निवडली. पुन्हा तेच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती टिंबं आणि टोप्या म्हणजेच सतरंजी होती, नवरदेव होता, चाळीस गावांची वावरं होती. धाकटीला वाचता येत नव्हती, एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मी पाहिलं तेव्हा तो भाग रिकामाच होता, म्हणून तर फोटो भरले. सकाळी तुम्हीच काही दाबलं असेल."

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. म्हणाले, "दाबलं असन." संगणकवाल्याने दोन दिवस खटपट केली आणि हात टेकले, कारण पुसलेल्या जागेवर फोटो जाऊन बसले होते. मी तिसऱ्या दिवशी डोळ्याला हिरवी पट्टी लावून घरी निघून आलो.

मग मास्तर फुलसावंगीला एसटीने गेले. तिथल्या तांड्यावरच्या म्हाताऱ्या नाईकांनी त्यांना सर्वांत जास्त नावं दिली होती. त्यांच्यापुढे हात जोडून म्हणाले, "नाईकसाहेब, तुमचे नावं माह्या हातानं मेले." नाईक म्हणाले, "मास्तर, वावर तं जागीच हाये. बसा, चहा घ्या." आता नाईकही नाहीत. ही फुलसावंगीची हकिगत मला अक्कांनी हसत हसत सांगितली होती. मीही हसलो. त्यानंतर साडभाऊंनी कुठलंच बटण दाबलं नाही. पाच वर्षं.

हे वरचं सगळं लिहून मी मागच्या महिन्यात उमरखेडला गेलो आणि आधी त्यांनाच वाचून दाखवलं. अक्का चहा घेऊन दारातच थांबल्या. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बाबूजी, मले वाटे माह्या हातात भूत शिरलं. जेवताना बी भेव वाटे." मी माफी मागितली. ती त्यांनी दिली की नाही, मला कळलं नाही. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि पंख्याचं बटण स्वतः दाबलं. मग संगणकाचं. अक्कांनी हातातल्या कपबशा तिथेच उंबऱ्यावर ठेवल्या.

काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. थोरली केव्हाच गेली होती, पण तिचं नाव पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं. मास्तर तिच्याकडे पाहत म्हणाले, "लिहा." मी याच कागदाची पाठ पुढे घेतली.

"सतरंजी. बुढीचं टोक. कोरडं तळं. नवरदेव. अबोला..." ते थांबले. "अबोल्याच्या खालच्या अंगाले..."

नावं मोजणारं बोट हवेत तसंच राहिलं. मी पेन टेकवून वाट पाहत होतो. "थोरलीत होतं," ते म्हणाले. तेवढ्यात तीस सेकंद भरले आणि धाकटी आपोआप उघडली, समोर माझ्या नातीच्या लग्नाचा फोटो घेऊन.